वीज जाते तेव्हा, आणि येते तेव्हाही

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांत अंधार झाला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईभर वीज गेली, तेव्हा घरून काम करणारे बसल्या जागी अडकले. असे दिवस विरळाच. पण संगणकाला काही क्षणांचा झटकाही पुरतो.

वीज अचानक गेली की न साठवलेलं काम जातं, कधी फाइल बिघडते. परत येताना विजेचा दाब क्षणभर उसळू शकतो. म्हणून वीज गेल्यावर संगणकाचं बटण बंद करावं आणि पुरवठा स्थिरावल्यावरच चालू करावं.

असा झटका अडवणाऱ्या स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर नावाचा छोटा भाग जादा दाब स्वतःवर घेतो आणि दर झटक्यागणिक झिजतो. गार्डवरचा संरक्षणाचा दिवा विझला, की ती नुसती प्लगची पट्टी उरते. अर्थिंगही तपासून घ्यावं.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतचा भार उचलतो. डेस्कटॉपला तो काही मिनिटं देतो, काम साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरती. त्यावर राउटर चालेल, लेझर प्रिंटर नको. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी.

दिवे एकाएकी प्रखर झाले, पंखा सुसाट सुटला, तर इमारतीतली न्यूट्रलची तार सुटलेली असू शकते. घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. लगेच मेन स्विच पाडा, वायरमनला बोलवा.