माती किती बसेल, आणि किती वर्षांत?

पेणच्या रामवाडीहून खाडीकडे गेलं की खारबंदिस्तीमागे काळसर, लोण्यासारखी मऊ चिकणमाती लागते. भराव घातला की ती खचते, पण एकदम नाही. कणांमधलं पाणी वाट काढत बाहेर पडेल, तेवढीच ती दबते.

प्रयोगशाळेत हेच मोजतात. बोअरमधून न ढवळता काढलेल्या नमुन्याची 60 मिमी व्यासाची, 20 मिमी जाडीची चकती धातूच्या कड्यात बसवतात. वर-खाली सच्छिद्र दगड, भोवती पाणी. दर 24 तासांनी भार दुप्पट. डायल गेजचा काटा आधी भरभर सरकतो, मग रेंगाळतो. नमुना वाटेत सुकला किंवा हादरला, तर सगळी आकडेमोड फुकट. माझ्या मते नमुन्याची नळी मेणाने बंद करणारा माणूसच इथे सर्वांत मोलाचा.

कार्ल टेरझागी यांनी 1925 मध्ये मांडलेल्या, माती दबण्याच्या सिद्धांतातलं खरं नवल काळाचं: पाण्याची वाट दुप्पट लांबली, तर वेळ चौपट. चकतीला एक तास लागला, तर दोन्हीकडून निचरा होणाऱ्या तशाच मातीच्या 10 मीटर थराला अडीच लाख तास, म्हणजे सुमारे 28 वर्षं! म्हणून अशा मातीत थोड्या-थोड्या अंतरावर उभ्या निचरापट्ट्या खुपसून पाण्याची वाट मीटरभरावर आणतात आणि वर भराव रचून जमीन आधीच बसवून घेतात. न्हावा-शेवा बंदराच्या आवारातही हेच केलं.