आदिलाबादचा गारठा आणि ज्युनियर आइस हॉकी

आदिलाबादेत ऐन हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, पहाटे शेकोट्या पेटतात. पण तळ्यावर बर्फ धरत नाही, आणि आइस हॉकीला लागतो तोच. म्हणून भारतीय संघात भरणा लडाखी मुलामुलींचा. तिथेही नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन-तीन महिने टिकतो. घडत्या वयातल्या खेळाडूंसाठी ही फार मोठी अडचण आहे.

जागतिक ज्युनियर स्पर्धा २० वर्षांखालच्यांची, अधिकृतपणे १९७७ पासूनची. वयाचा हिशेब जन्मसालावर : २०२४च्या स्पर्धेसाठी जन्म २००४चा किंवा त्यानंतरचा हवा. अव्वल गटात १० संघ असतात, भारत त्यांत नाही. भारत आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला १९८९ मध्ये, पुरुष संघ आशियाई चॅलेंज चषकात उतरला २००९ मध्ये. महिलांची मजल अधिक सुखावणारी. २०१६ मध्ये पदार्पण, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय, २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकाचं कांस्य. वर्षातले बरेच महिने बर्फाविना काढणाऱ्या मुलींचं हे पदक!

बर्फावर एका संघाचे सहा जण, गोलरक्षक धरून. २० मिनिटांचे तीन डाव. चेंडूऐवजी कडक काळ्या रबराची चकती : व्यास ७.६२ सेंमी, जाडी २.५४ सेंमी, वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. थंडगार चकती उसळत नाही, सपाट सरकत जाते.