‘आम्ही’ आणि ‘आपण’ : मोंद्रागोन नगराच्या पुनरुत्थानाचा विचार

एखादे लहान नगर उतरणीस लागले म्हणजे त्याची दोन लक्षणे बहुधा बरोबरच दिसू लागतात. हाताला काम मिळेनासे होते, आणि नगराविषयी बोलताना माणसे ‘आपण’ हा शब्द वापरीनाशी होतात. पहिल्या लक्षणाचा विचार अर्थशास्त्र करते, दुसऱ्याचा समाजशास्त्र. ही दोन्ही एकाच दुखण्याची अंगे असून त्यांवर निरनिराळे उपचार चालत नाहीत, हे ज्या थोड्या उदाहरणांवरून स्पष्ट होते, त्यांत स्पेनमधील मोंद्रागोन ह्या बास्क नगराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

मराठीत उत्तमपुरुषाच्या अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. बास्क भाषेत हा भेद नाही; तेथे दोहोंसाठी ‘गु’ हे एकच सर्वनाम आहे. तरीही मोंद्रागोनच्या इतिहासाची उकल करण्यास मराठीतील हा भेद उपयोगी पडतो; कारण तेथील प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर ‘आत कोण आणि बाहेर कोण’ हाच प्रश्न उपस्थित झालेला दिसतो.

१. नगराची पूर्वस्थिती

गिपुस्कोआ प्रांतातील ह्या नगराचे मूळचे नाव आर्रासाते. इ. स. १२६० मध्ये कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो ह्याने त्यास नगराची सनद दिली आणि मोंद्रागोन हे नाव ठेविले. लोखंडकाम हा येथील जुना धंदा. १९०६ मध्ये ‘उनियोन सेराखेरा’ ही कुलपे व लोखंडी सामान तयार करणारी मोठी कंपनी स्थापन झाली, आणि नगराचे जीवन तिच्याभोवती फिरू लागले. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात बास्क पक्षाचा पराभव झाला. फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेस सार्वजनिक जीवनात मज्जाव झाला. युद्धानंतरच्या सुमारे नऊ हजार वस्तीच्या ह्या नगरात दारिद्र्य, क्षय आणि परस्परांविषयीचा संशय एवढेच मुबलक होते.

१९४१ च्या फेब्रुवारीत होसे मारिया आरिझमेंदिआरिएता (१९१५–१९७६) हे तरुण धर्मोपदेशक तेथे आले. बालपणीच्या अपघाताने त्यांचा एक डोळा गेला होता. युद्धकाळात बास्क भाषेतील दैनिकात काम केल्यामुळे त्यांना तुरुंगवासही घडला होता.

२. आरंभ शाळेपासून

कंपनीची कारागीर-शाळा होती. परंतु तिचे दार मुख्यतः कामगारांच्या मुलांनाच उघडे होते. ते नगरातील अन्य मुलांनाही उघडावे, ही विनंती मान्य झाली नाही. तेव्हा नगराने स्वतःची शाळा काढावी, असा विचार आरिझमेंदिआरिएता ह्यांनी मांडला. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवण्यात आल्या. ज्यास जे शक्य असेल ते, मग ती रोख रक्कम असो की वस्तू की श्रम, त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे, अशी योजना होती. सुमारे सहाशे चिठ्ठ्या निघाल्या. ज्यांनी साहाय्य केले त्यांना शाळेच्या कारभारात मताचा अधिकार देण्यात आला. १९४३ मध्ये वीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वर्गणी जमविणे ही कोणत्याही गावाला अपरिचित गोष्ट नाही. वर्गणी देणारा मात्र सहसा देऊन मोकळा होतो. मोंद्रागोनमध्ये देणगीबरोबर मत आले आणि मताबरोबर जबाबदारी आली. देणारा संस्थेच्या बाहेर न राहता आत आला.

३. कारखाना आणि पेढी

ह्या शाळेतील अकरा विद्यार्थ्यांनी नोकरी सांभाळून सारागोसा विद्यापीठाच्या तांत्रिक परीक्षा दिल्या आणि १९५२ मध्ये ते उत्तीर्ण झाले. त्यांपैकी पाच जण कंपनीत जबाबदारीच्या जागी होते. कंपनीच्या भांडवलात कामगारांनाही भाग मिळावा ही त्यांची सूचना फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. नव्या कारखान्यास सरकारी परवाना मिळणे त्या काळी दुरापास्त होते. म्हणून १९५५ मध्ये वितोरिया येथील एक बुडीत कारखाना त्याच्या परवान्यासह विकत घेण्यात आला आणि पुढील वर्षी तो मोंद्रागोनला हलविण्यात आला. पाचही जणांच्या आडनावांतील अक्षरे जुळवून त्यास ‘उल्गोर’ हे नाव दिले. आरंभीचे मुख्य उत्पादन रॉकेलच्या शेगड्यांचे होते. भांडवल नगरवासीयांनी उसने दिले, आणि तेही कोणता माल निघणार हे निश्चित नसताना. तेरा वर्षांपूर्वी शाळेच्या निमित्ताने जो विश्वास निर्माण झाला होता, त्याचेच हे फळ होय.

उल्गोरचे नियम ह्या प्रयोगाचा गाभा होत. प्रत्येक सभासदास एक मत; सर्वांत कमी व सर्वांत अधिक वेतनाचे प्रमाण आरंभी एकास तीन. नफ्यातील सभासदाचा वाटा त्याच्या हाती रोख न देता त्याच्या नावे भांडवल-खात्यात जमा होई आणि तो निवृत्तीच्या वेळी मिळे. मधल्या काळात त्या रकमेवर व्याज मिळत असे. ह्या एका नियमाने दोन हेतू साधले. कामगार खरोखरीचा मालक झाला, आणि नगरात मिळविलेला पैसा नगरातील कारखान्यांतच राहिला.

१९५९ मध्ये ‘काखा लाबोराल’ ही पतपेढी निघाली. कारखान्याच्या संस्थापकांनाच आरंभी ही कल्पना अव्यवहार्य वाटली होती. परंतु लोकांची बचत गोळा करून ती नव्या सहकारी कारखान्यांस पुरविणे आणि त्या कारखान्यांच्या योजनांची छाननी करणे, ही दोन्ही कामे पेढीने पार पाडली. बचतीचे पुस्तक हवे की परगावी जाण्यासाठी पेटी हवी, असा प्रश्न ती प्रचारात लोकांपुढे ठेवी. सहकारी सभासद हे स्वतंत्र व्यावसायिक ठरत असल्याने सरकारी विम्यापासून वंचित होते. त्यांच्यासाठी ‘लागुन आरो’ ही परस्परसाहाय्याची व्यवस्था ह्याच काळात उभारण्यात आली. शाळा, कारखाना, पेढी आणि विमा हा क्रम आकस्मिक नाही. प्रत्येक संस्था मागील संस्थेने उघड केलेली उणीव भरून काढण्यासाठी जन्मास आली.

४. शब्दांची साक्ष

ह्या संस्थांनी स्वीकारलेली परिभाषा पाहण्यासारखी आहे. बास्क खेड्यांत ‘औसोलान’ ही जुनी रीत आहे. ‘औसो’ म्हणजे शेजार, ‘लान’ म्हणजे काम. रस्ता दुरुस्त करणे वा सामाईक कामे उरकणे ह्यांसाठी प्रत्येक घरातून माणूस येई. आपल्याकडील ‘इर्जिक’ व ‘सावड’ ह्या प्रथांशी तिचे नाते उघड आहे. फरक इतकाच की, इर्जिकीत सर्वांचे नांगर एकाच्या शेतात चालतात, तर औसोलानातील काम बहुधा सर्वांचेच असते. ‘लान’ ह्या शब्दास ‘किदे’ (सोबती) हा प्रत्यय लागून ‘लांकिदे’, म्हणजे कामातील सोबती, हा शब्द होतो. पेढीच्या बास्क नावात तो आला. १९६९ मध्ये विवाहित स्त्रियांसाठी स्वयंपाक, स्वच्छता इत्यादी सेवांची सहकारी संस्था निघाली, तिचे नाव ‘औसो लागुन’, म्हणजे शेजारसाह्य, असे होते.

जुन्या शब्दांनी नवी संस्था आपोआप टिकते असे मात्र नव्हे. इर्जिकीची परंपरा असलेली कितीतरी गावे ओस पडली आहेत. शेजारधर्म मुखत्वे तोंडओळखीवर आणि परतफेडीच्या अपेक्षेवर चालतो. हजारो माणसांच्या कारखान्यास तो पुरत नाही. त्यास मत, हिशेब व नियम ह्यांची चौकट मिळाली, हे मोंद्रागोनचे वैशिष्ट्य. उलटपक्षी, ओळखीच्या शब्दांमुळे ती चौकट लोकांना परकी वाटली नाही. सहकारी संस्थांच्या सामाजिक निधीतून बास्क माध्यमाच्या शाळांस मिळालेले साहाय्यही ह्याच संदर्भात पाहिले पाहिजे.

५. कसोटीचे दोन प्रसंग

१९७४ मध्ये उल्गोरमध्ये संप झाला. कामाच्या श्रेणी ठरविण्यावरून असंतोष होता. मालक तेच कामगार, मग संप कोणाविरुद्ध, असा व्यवस्थापनाचा सवाल होता. संपाच्या नेत्यांना काढून टाकण्यात आले. काही वर्षांनी त्यांना परत घेण्याचा मार्ग मोकळा झाला. संस्था वाढली की ‘आपण’ म्हणणाऱ्यांतही ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ असे तट पडतात, हा ह्या प्रसंगाचा धडा होय.

दुसरा प्रसंग अधिक कठोर होता. उल्गोरची वारस असलेली ‘फागोर’ ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ मध्ये बुडाली. २००५ मध्ये फ्रान्समधील ब्रँट कंपनी घेताना झालेले कर्ज आणि २००८ नंतर स्पेनमधील घरबांधणीत आलेली मंदी ही त्याची प्रमुख कारणे होत. पूर्वी मदत देत आलेल्या भगिनी-संस्थांनी आणखी पैसा देण्याचे नाकारले. तथापि बहुसंख्य सभासदांना अन्य सहकारी संस्थांत काम किंवा मुदतपूर्व निवृत्ती मिळाली. खासगी कंपनीच्या दिवाळ्यात असे घडत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु जे सभासद नव्हते असे कामगार, परदेशांतील कारखान्यांतील मजूर, आणि ज्यांनी संस्थेच्या रोख्यांत आयुष्याची बचत गुंतविली होती असे सामान्य लोक, ह्यांना हे छत्र लाभले नाही. ते ‘आपण’ ह्या शब्दाच्या कक्षेबाहेर राहिले.

६. उपसंहार

महाराष्ट्रातील वाचकास येथे लोणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला, आणि त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते निर्माण झाले. परंतु तेथील सभासदत्व ऊस पिकविणाऱ्याचे आहे. ऊस तोडणारा त्यात येत नाही. मोंद्रागोनमध्ये सभासदत्व काम करणाऱ्याचे आहे. पण सर्वच काम करणारे सभासद नाहीत. दोन्हीकडे स्थानिक पुढाकाराने नगराचे रूप पालटले, आणि दोन्हीकडे त्या पुढाकाराच्या कुंपणाबाहेर काही माणसे राहिली.

तेव्हा एखाद्या नगराच्या पुनरुत्थानाचा अभ्यास करताना किती भांडवल जमले आणि किती हातांना काम मिळाले एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. निर्णयात कोणाचे मत घेतले गेले, आणि संकट आले तेव्हा कोणास आत घेतले गेले, हेही तपासले पाहिजे. १९४३ मध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावरील पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्यास नगराने ‘आपण’ म्हटले. तो शब्द पुढील पिढ्या कितपत रुंद ठेवतात, ह्यावरच अशा प्रयोगांचे खरे यशापयश ठरते.