विमानप्रवासात बाळाचे दूध

भिलाईहून तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने मुंबईला जायचे, तर रायपूरजवळचा माना येथील विमानतळ गाठावा लागतो. तपासणीत बाळाचे दूध काढून घेतले तर? आईला पहिली धास्ती हीच!

पण काळजी नको. २००६ साली लंडनमधील घातपाताचा कट उघडकीस आल्यावर हातातील सामानातल्या द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रवासापुरत्या बाळाच्या दुधाला व खाण्याला मात्र त्यातून सूट आहे. पोलाद कारखान्याच्या फाटकावर दिसणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलच येथेही तपासणी करते. बाटली, थर्मास, खिमटाचा डबा वेगळ्या पिशवीत ठेवा, जवानाला आधीच सांगा. झाकण उघडून दाखवावे लागले तरी रागावू नका. क्ष-किरणांनी अन्न बिघडत नाही.

पावडरचे दूध घरून कालवून नेऊ नका. पावडर मोजून कोरड्या डबीत व उकळलेले पाणी थर्मासमध्ये न्या. कालवलेले दूध दोन तासांच्या आत पाजा, उरलेले टाकून द्या. विमानाला उशीर झाला तर बाळ उपाशी राहू नये म्हणून एका वेळचे जास्त घ्या. विमान वर चढताना व उतरताना बाळाला पाजल्यास त्याच्या कानांना दडे बसत नाहीत.