मैलापाण्याचा हिशेब

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने महाराष्ट्राला सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. बातम्या त्या आकड्यावरच थांबल्या, पण त्यामागचा गुणाकार पाहण्यासारखा आहे. तेव्हा राज्यात रोज ५,४२० दशलक्ष लिटर मैलापाणी प्रक्रियेवाचून सुटत होते. दर दशलक्ष लिटरमागे दोन कोटी धरले की होतात १०,८४० कोटी. उरलेली रक्कम घनकचऱ्याची.

त्याच सुमाराचा दुसरा ताळेबंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, २०२०-२१ चा. त्यानुसार महाराष्ट्रातल्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता ६,८९० आणि प्रत्यक्ष वापर ४,२४२. पहिल्या दोन आकड्यांतली तफावत सगळे सांगतात, कारण तिच्यावर नव्या केंद्रांचे एस्टिमेट उभे राहते. शेवटच्या दोन आकड्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. २,६४८ दशलक्ष लिटरची क्षमता बांधून तयार आहे आणि तिच्यात पाणीच जात नाही. लवादाचाच दर लावला तर ही जवळपास ५,३०० कोटींची रिकामी बसलेली मालमत्ता. देशाचे चित्र याहून वाईट आहे: ७२,३६८ दशलक्ष लिटरपैकी प्रक्रिया होते ती जेमतेम २८ टक्क्यांवर.

केंद्र रिकामे राहते त्याची कारणे रस्त्याखाली असतात. मुख्य ड्रेनेज लाइन टाकली, पण गल्लीतली घरे तिला जोडली नाहीत. मैला पूर्वीसारखाच नाल्याने नदीला जातो. किंवा पंपिंग स्टेशन बंद पडते. किंवा वीजबिल थकते. मैलापाण्यातली घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना हवा पुरवणारे ब्लोअर रात्रंदिवस चालावे लागतात. बिल वाचवण्यासाठी ते बंद ठेवले की जिवाणू मरतात, आणि पुन्हा पुरेसे वाढायला काही आठवडे जातात. तोवर यंत्रे फिरताना दिसतात, बाहेर पडणारे पाणी मात्र आत आले त्याच्याहून फार वेगळे नसते. नव्या केंद्राचे भूमिपूजन होते. ब्लोअरच्या बिलाचे कोण करणार?

पैसा हाती असूनही काय होते, हे पुण्यात दिसले. जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ संस्थेशी मुळा-मुठा प्रदूषणमुक्तीसाठी करार झाला. कर्ज १,९०६ कोटी येनचे, व्याज ०.३ टक्के, फेड चाळीस वर्षांत आणि पहिली दहा वर्षे मुद्दलाला हात लावायचा नाही. प्रकल्प ९९० कोटी रुपयांचा. त्यातले ८५ टक्के केंद्र सरकार अनुदान म्हणून देणार, महापालिकेला घालायचे होते १५ टक्के. नवी अकरा केंद्रे, क्षमता ३९६ दशलक्ष लिटर. आधीच्या ४७७ शी मिळून ८७३. याहून स्वस्त पैसा कुठल्या महापालिकेला मिळणार? तरी टेंडर चढ्या दराने आली, रद्द झाली, पुन्हा निघाली. जानेवारी २०२२ ही मूळ मुदत उलटली तेव्हा एकही केंद्र उभे नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि प्रकल्पाचा आकडा १,४७० कोटींच्या वर गेला होता. फरक सगळा विलंबाचा नसेल, पण विलंब फुकट पडत नाही.

त्याच शहराने ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करण्याची ४,७२७ कोटींची योजना आखली आहे. काठ आधी आणि पाणी मागून, हा क्रम मला तरी उलटा वाटतो.

मुंबईचा आकडा वेगळ्याच पट्टीचा. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात केंद्रांची क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७,२०० कोटी. म्हणजे दर दशलक्ष लिटरला सात कोटी. लवादाने धरलेल्या दोन कोटींत तिथे निम्मेही काम होणार नाही.

खर्चाची दुसरी वाट नागपूरने दाखवली. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी हवे होते आणि शहर व वीज केंद्र दोघांचीही नजर पेंच धरणावर. २००८ मध्ये महापालिका आणि वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती यांच्यात करार झाला: भांडेवाडीतले मैलापाणी महानिर्मितीने घ्यायचे, १३० दशलक्ष लिटरच्या केंद्रात शुद्ध करून वापरायचे आणि त्यासाठी महापालिकेला वर्षाला पंधरा कोटी रुपये द्यायचे. ज्या मैल्याची विल्हेवाट लावण्यासाठी इतर शहरे पैसे मोजतात, त्याचे नागपूरला पैसे मिळू लागले. पण प्रत्येक गावाजवळ असे गिऱ्हाईक नसते. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला जाते, आणि शेतकरी वीज केंद्रासारखा दर देऊ शकत नाही.

उरतो तो नागरिक. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्क्यांनी, आणि त्यांना मागणीपेक्षा कितीतरी अधिक प्रतिसाद मिळाला. नळाच्या पाण्याला पाणीपट्टी असते, वसुली दाखवता येते. मैल्याच्या बाबतीत घरमालकाचा संबंध फ्लश ओढला की संपतो, त्यामुळे मलनिस्सारण कर वाढवायचा म्हटला की सभागृहात सगळे पक्ष एक होतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सांगितले होते की केंद्रे उभारण्याचा आणि चालवण्याचा पैसा लाभार्थींकडून उभा करण्याचे निकष स्थानिक संस्थांनी ठरवावेत आणि केंद्रे तीन वर्षांत उभी करावीत. ‘स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.०’ मध्ये एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या गावांना केंद्र सरकार निम्मा पैसा देते, पण तो उभारणीपुरता. लहान नगरपालिकेला प्रक्रिया केंद्र मिळते आणि पाठोपाठ वीजबिलही.

स्वच्छ पाण्याच्या बाजूलाही हीच काटकसर आहे. २०२१ मध्ये पुण्याच्या हद्दीत आलेल्या नांदेड, किरकटवाडी भागाला खडकवासल्याचे पाणी विहिरीत सोडून, फक्त क्लोरिन घालून दिले जात होते. गाळण प्रकल्प नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये तिथेच ‘जीबीएस’ (गुइलेन बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, तेव्हा कुठे त्या विहिरीकडे लक्ष गेले.

आणि पुण्याचे जे पाणी शुद्ध होत नाही ते मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. ते पिण्याजोगे करण्याचा खर्च सोलापूरच्या अंदाजपत्रकात पडतो, पुण्याच्या नाही.