कोडावर मंद लेसर

व्याधी : शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच रंगपेशींना परके लेखून त्यांचा नाश करू लागली, म्हणजे त्वचेवर जे पांढरे चट्टे उमटतात तेच कोड, ते सांसर्गिक नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचे काही नातेही नाही.

उगम : १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथे डॉ. एंड्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर माणिक-लेसरचे क्षीण किरण सोडले, तेव्हा अपाय तर झाला नाहीच, उलट त्या जागी केस अधिक त्वरेने उगवले; मंद लेसरच्या उपचाराचा उगम तो हाच.

कार्य : कोडावर वापरल्या जाणाऱ्या हेलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश त्वचा न कापता, न भाजता पेशींतील तंतुकणिकांत शोषला जातो आणि उरल्यासुरल्या रंगपेशींच्या वाढीस व स्थलांतरास चालना देतो. रंग परतलाच तर बहुधा केसांच्या मुळांभोवती, तिळाएवढ्या तपकिरी ठिपक्यांनी परततो. जेथील केसही पांढरे झाले, तेथे आशा थोडी.

तारतम्य : या इलाजाचे दाखले तूर्त मोजकेच असून, ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर हा अतिनील किरणांचा, अधिक पारखलेला व सर्वस्वी निराळा उपाय होय; सबब त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढविल्यावाचून यांपैकी कोणत्याही किरणांच्या वाटेस जाऊ नये.