जीभ हुळहुळली तर

चहाचा चटका, दातांखाली आलेली कड, पानातला जास्तीचा चुना किंवा तुटक्या दाताची धार यांमुळे जीभ हुळहुळते. चटका बसताच काही मिनिटे थंड पाणी तोंडात खेळवावे. एरवी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चारदा चुळा भराव्यात. थोडे झोंबते, पण जखम स्वच्छ राहते. तिखट, लिंबू, अननस टाळून मऊ खिचडी, दूधभात खावा. तंबाखू तर नकोच.

जीभ गुळगुळीत, लालभडक दिसू लागली तर ब१२ जीवनसत्त्वाची किंवा लोहाची कमतरता असू शकते. तिथे चुळा पुरत नाहीत, रक्त तपासावे लागते. साधा व्रण दोनेक आठवड्यांत भरतो. तीन आठवडे टिकलेला व्रण, पांढरा चट्टा किंवा गाठ डॉक्टरांना दाखवावी.